बाबांचे सेल आणि माझी बॅटरी

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, सिग्नल बंद पडले. आमच्या आरे कॉलनीतल्या घरात लेकीचा गणिताचा ऑनलाइन पेपर चालू होता. "घाबरू नकोस गं, बॅटरी शंभर टक्के आहे," मी ऐटीत म्हटलं. आणि चारच मिनिटांत लॅपटॉप गुल!

लेक रडायला लागली. कोपऱ्यातून बाबा म्हणाले, "तरी तुला सांगत होतो, बॅटरी पार उतरू द्यावी आणि मगच लावावी."

मी चिडलो. बाबांच्या या नियमाची मी वर्षानुवर्षं टिंगल केली होती. शाळेने पुढे पेपर पुन्हा घेतला, तो प्रश्न मिटला. पण बाबा बरोबर की मी, हे काही डोक्यातून जाईना. म्हणून शोधायला बसलो, तर कळलं की चुकत दोघंही होतो. बाबांचा नियम मात्र खोटा नव्हता, जुना होता.

बाबांची नोकरी इथल्याच दूध वसाहतीत. शहरातले तबेले बाहेर काढण्यासाठी १९४९ साली आरे वसवली गेली. रात्रपाळीहून परत येताना मिट्ट काळोख, साप आणि बिबट्याची धास्ती. टॉर्चशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही. सेल मंदावले की बाबा ते खिडकीत उन्हात ठेवायचे. तुमच्याकडेही ठेवत असतीलच! उन्हाने ते सेल चार्ज व्हायचे नाहीत. ऊब लागली की आतली रासायनिक क्रिया जरा वाढायची आणि थोडा वेळ जीव यायचा, एवढंच. त्या सेलचा नियम साधा होता : पार संपेपर्यंत वापरा.

मग स्कूटर आली, इन्व्हर्टर आला. ही शिसं आणि आम्लाची बॅटरी, फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ साली केलेली. तिचा नियम अगदी उलटा. ती उतरलेली ठेवली तर आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात आणि ती कायमची अधू होते. म्हणून ती सतत भरलेली हवी.

त्यानंतर निकेल-कॅडमियम. शोध १८९९ चा, स्वीडनच्या युंगनर यांचा, पण आपल्या घरात ती शिरली कॉर्डलेस फोनमधून आणि दाढीच्या मशीनमधून. १९६० च्या दशकात उपग्रहांवरच्या अशा बॅटऱ्यांमध्ये एक गंमत दिसली. रोज ठरावीक बिंदूपर्यंतच उतरवून पुन्हा भरली, की बॅटरी तेवढंच 'लक्षात ठेवायची' आणि पुढे तिथेच दम टाकायची. उपाय एकच, अधूनमधून पूर्ण उतरवा. हा सल्ला घरोघरी पोचला, बाबांपर्यंतही. त्या बॅटरीपुरता तो योग्यच होता.

१९९१ साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि हळूहळू लॅपटॉपमध्ये तीच आली. तिच्यामागच्या संशोधनाला नोबेल जाहीर झालं ९ ऑक्टोबर २०१९ ला, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना. आमचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याच आठवड्यात इथे मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं पडत होती.

या बॅटरीला ती जुनी 'आठवण' सतावत नाही. तिला तीन गोष्टींचा त्रास होतो : उष्णता, तुडुंब भरलेलं राहणं आणि पार रिकामं होणं. भरलेल्या अवस्थेत आतला दाब, म्हणजे व्होल्टेज, सर्वांत जास्त असतो. तशीच दिवसेंदिवस ठेवली आणि त्यात गरम झाली, की आतली रसायनं लवकर खराब होतात. मी काय केलं होतं? मार्चमध्ये लॉकडाऊन लागल्यापासून लॅपटॉप चोवीस तास प्लगला, तोही गादीवर! म्हणजे मी त्याला इन्व्हर्टरचा नियम लावला होता आणि बाबा कॉर्डलेसचा लावत होते. पडद्यावरचे 'शंभर टक्के' हे उरलेल्या ताकदीचे शंभर टक्के होते. नव्या बॅटरीचे नव्हेत.

आता आमच्याकडे असं चालतं : वीसच्या खाली जाऊ द्यायचं नाही, ऐंशीच्या आसपास थांबायचं. दिवसभर प्लग लावूनच काम असेल तर चार्जिंगची मर्यादा ऐंशीवर ठेवायची. बऱ्याच लॅपटॉपमध्ये आता ती सोय असते. लांब गावाला जायचं असेल तर बिनधास्त पूर्ण भरायचं. महिनोन्महिने वापर नसेल तर अर्धी भरून थंड जागी ठेवायची. आणि गादीवर ठेवणं बंद!

मला वाटलं होतं, बाबांना हे पटवणं कठीण जाणार. ताट चाटूनपुसून स्वच्छ करायचं आणि पाण्याचं पिंप सकाळीच काठोकाठ भरून ठेवायचं, या शिस्तीत वाढलेला माणूस. त्याला अर्धवट भरलेलं कसं रुचणार? सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे दोन घास कमी खाऊन उठायचं आणि उपास काढायचा नाही. एवढंच ना? मग मघापासून एवढं लांबण कशाला लावतोयस?"

हल्ली ऐंशी झाले की प्लग तेच काढतात. मी विसरतो. टॉर्चचे सेल मात्र अजूनही खिडकीत उन्हात असतात. मी काही बोलत नाही.