इंधन पंपाचे सुरक्षा-विच्छेदन
एंजिन बंद पडताच किंवा गाडीला जोराची धडक बसताच विद्युत् इंधन पंपाचा पुरवठा आपोआप तोडणाऱ्या योजनेस ही संज्ञा लावतात. जुन्या क्रीडा मोटारगाड्यांतील अनेक बिघाडांचे मूळ या योजनेत असते.

यांत्रिक पंप एंजिनाच्या कॅमदंडावर चालत असल्याने एंजिन थांबले की तोही थांबे; त्याला वेगळ्या संरक्षणाची गरज नव्हती. एस्‌यू बनावटीचे विद्युत् पंप अनेक ब्रिटिश गाड्यांत वापरले गेले. कार्ब्युरेटरातील तरंडीपात्र भरले की ते थांबत. मात्र नळी तुटल्यास प्रज्वलन-कळ बंद करेपर्यंत ते पेट्रोल ओतत राहत. त्यांचा दाब बेताचा असल्याने हा धोका मर्यादित होता.

इंधन अंतःक्षेपण आल्यावर परिस्थिती बदलली. बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक पद्धती १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० या गाडीत आली. तीत प्रज्वलन-कळ फिरवताच पंप क्षणभर चाले आणि पुढे एंजिन फिरू लागेपर्यंत नियंत्रक त्याला रोखून धरी. १९७३ मध्ये पोर्शे ९११ गाडीत आलेल्या के-जेट्रॉनिक पद्धतीत तर इंधनाचा दाब वातावरणाच्या सु. पाचपट असे. अपघातात नळी फुटल्यास तापलेल्या एंजिनावर पेट्रोलचा फवारा उडून गाडी पेट घेण्याची भीती होती.

यावरील उपाय हवेच्या प्रवाहातच शोधण्यात आला. के-जेट्रॉनिकमध्ये शोषलेल्या हवेने उचलली जाणारी एक चकती असते. पोर्शे ९११ मध्ये चकती विश्रांतिस्थितीत असताना स्पर्शक जुळलेला राहतो आणि अभिचालित्रामार्फत पंपाचे मंडल तोडून ठेवतो. हवा वाहू लागून चकती उचलली गेली की स्पर्शक विलग होतो व पंप चालतो. याच कंपनीच्या एल-जेट्रॉनिक पद्धतीत रचना नेमकी उलट होती. १९७५ मध्ये तयार झालेल्या डॅटसन २८०झेड गाडीत हवामापकातील झडप उघडली की स्पर्शक जुळे व पंपाला प्रवाह मिळे.

या फरकाचे महत्त्व दोषशोधनात दिसून येते. ९११ मध्ये चकतीच्या स्पर्शकाची जोडणी सुटली, तर पंप थांबत नाही. उलट एंजिन बंद असतानाही चालत राहतो. म्हणजे बिघाड जाणवत नाही, पण संरक्षण नाहीसे होते. २८०झेडमध्ये तशीच जोडणी सुटल्यास पंप बंद पडतो. त्यामुळे ९११ मध्ये एंजिन सुरू होत नसल्यास जोडणी काढून प्रज्वलन-कळ फिरवितात. पंपाची घरघर ऐकू आल्यास पंप, वितळतार व अभिचालित्र ठीक असून दोष चकतीकडील बाजूस आहे, असे ठरते. घरघर न आल्यास वितळतार, अभिचालित्र, भूयोजन आणि शेवटी पंप या क्रमाने तपासणी करतात. चकतीपुढील हवापेटीला तडा गेल्यास हवा चकतीला टाळून आत शिरते व चकती पुरेशी उचलली जात नाही. तेव्हा विद्युत् भाग निर्दोष असूनही पंप चालत नाही. चाचणीत पंप चालू असताना चकती हाताने उचलू नये, कारण इंधन थेट सिलिंडरांकडे फवारले जाते.

दुसरा प्रकार निरूढी-कळीचा होय. तीत लोहचुंबकाने धरलेली पोलादी गोळी धडकेने निसटून स्पर्शक विलग करते. खड्ड्यातील जोराच्या हिसक्यानेही ती सुटू शकते. वरचे बटण दाबून ती पूर्ववत करता येते. पण त्यापूर्वी कोठे गळती नाही ना, हे पाहणे अत्यावश्यक असते. अमेरिकेत इंधनव्यवस्थेच्या अभंगतेसंबंधीचे मानक क्र. ३०१ हे १९६८ पासून लागू झाले आणि १९७६-७७ मध्ये गाडी उलटणे व मागून धडक बसणे यांचाही त्यात समावेश झाला.

पुढे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक भुजादंडाच्या फिरण्यावरून पंप चालू ठेवू लागले आणि हवेच्या स्पर्शकाची आवश्यकता संपली. जतन केलेल्या जुन्या गाड्यांत मात्र तात्पुरती म्हणून घातलेली जोडतार कायमची राहून गेलेली आढळते. गाडी तिने निर्वेधपणे चालते. ज्या प्रसंगासाठी विच्छेदक बसविला, तो येईपर्यंत त्याची उणीव कोणास भासत नाही. म्हणून दुरुस्ती पूर्ण झाली असे म्हणण्यापूर्वी एंजिन बंद असताना पंप थांबतो, याची खात्री करून घेणे आवश्यक ठरते.