लोडिंग कॉइल

टेलिफोनच्या पिळलेल्या जोडतारेत संदेशाचे क्षीणन (जोर घटत जाणे) कमी करण्यासाठी ठरावीक अंतरांवर बसवलेले वेटोळे. कंकणाकृती चुंबकीय गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळून ते बनवतात. संशोधक मायकेल पुपिन यांच्यावरून त्याला ‘पुपिन कॉइल’ असेही म्हणतात.

केबलमधील जोडीच्या दोन तारा एकमेकींना खेटून असतात. पीळ दिल्याने शेजारच्या जोड्यांचा उपद्रव कमी होतो; संदेशाचे क्षीणन मात्र पिळाने थांबत नाही. तारेचा रोध ऊर्जा खातो. त्यात तारा जवळ असल्याने धारिता जास्त आणि प्रवर्तकत्व अगदी कमी असते. परिणामी बोलण्यातील उंच स्वर खालच्या स्वरांपेक्षा लवकर विरतात आणि दूरचा आवाज पुसट व घोगरा होतो.

जाड तांबे वापरणे हा सरळ उपाय, पण तो महाग होता. इंग्लंडमधील ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८७ मध्ये वेगळी वाट दाखवली : तारेचे प्रवर्तकत्व मुद्दाम वाढवा. ब्रिटिश पोस्ट खात्यातील विल्यम प्रीस प्रवर्तकत्वाला अपायकारकच मानत. त्यांनी या विचाराला विरोध केला. शाळेनंतर स्वतःच्या बळावर गणित शिकलेल्या हेविसाइड यांचेच म्हणणे पुढे खरे ठरले.

प्रत्यक्ष आराखडा अमेरिकेत झाला. एटी अँड टी कंपनीतील जॉर्ज कॅम्पबेल आणि कोलंबिया विद्यापीठातील पुपिन यांनी प्रवर्तकत्व वाढवणाऱ्या वेटोळ्यांमधील अंतराचे गणित स्वतंत्रपणे मांडले. १९०० मध्ये पेटंट पुपिन यांना मिळाले आणि त्याचे हक्क एटी अँड टीने विकत घेतले. हेविसाइड यांनी या कल्पनेचे पेटंट घेतलेले नव्हते. तिचे मूळ श्रेय मात्र त्यांनाच द्यायला हवे.

वेटोळ्यांमुळे जोडीची संरोधिता वाढते. तेवढीच शक्ती कमी प्रवाहाने वाहून नेता येते, म्हणून रोधातील हानी घटते. अमेरिकेत रूढ झालेल्या एका पद्धतीत दर ६,००० फुटांवर, म्हणजे सुमारे १.८३ किमीवर, ८८ मिलिहेन्रीचे वेटोळे बसवत. अर्धा मिमी व्यासाच्या तारेत १,००० हर्ट्‌झला होणारे क्षीणन त्यामुळे जवळपास निम्म्यावर येते.

अंतर चुकवून चालत नाही. वेटोळे आणि तारेची धारिता मिळून एक गाळणी तयार होते. वरील मांडणीत सुमारे ३,५०० हर्ट्‌झच्या पुढचे संदेश ती अडवते. बोलण्याला एवढा पट्टा पुरतो. एडीएसएल इंटरनेट मात्र सुमारे २५ किलोहर्ट्‌झपासून १.१ मेगाहर्ट्‌झपर्यंतचा पट्टा वापरते. त्यामुळे ज्या तारांवर ही सेवा द्यायची, त्यांवरील वेटोळी आधी काढावी लागतात.

याच गाळणीमुळे संगणकजाळ्याच्या केबलमध्येही ही युक्ती चालत नाही. तिथे शुद्ध तांबे, कनेक्टरपर्यंत टिकवलेला पीळ आणि १०० मीटरची मर्यादा यांवरच भिस्त असते.