विमा आला, दवाखान्याचं काय?

गटाच्या बैठकीत विम्याचा एजंट आला की आपण आधी हप्ता विचारतो. आज जरा मागचा इतिहास बघू.

१९४६ साली भोर समितीनं सांगितलं, पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना तिथली. १९८६ मध्ये सरकारी कंपन्यांचा मेडिक्लेम आला, १९९९ च्या कायद्यानं खासगी कंपन्यांनाही परवानगी मिळाली. पण हप्ता भरेल त्यालाच विमा.

२ जुलै २०१२ ला राज्यानं ८ जिल्ह्यांत जीवनदायी योजना सुरू केली. तेव्हा पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार मिळायचे. रायगड त्यात होता, पुणे नव्हतं. घाटाखाली खोपोलीला योजना, वर लोणावळ्याला नाही! आपल्याकडे ती २१ नोव्हेंबर २०१३ ला आली. आज तिला महात्मा फुल्यांचं नाव आहे.

ही योजना दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. तापाला, शुगरच्या गोळ्यांना, गरोदरपणीच्या तपासणीला कार्ल्याचं, खडकाळ्याचं केंद्रच लागतं. विमा बिल भरतो, केंद्रात डॉक्टर आणत नाही. म्हणून आम्ही गटात दोन गोष्टी सांगतो: हप्ता भरण्याआधी रेशनकार्डावर काय मिळतं ते विचारा, आणि केंद्रातल्या डॉक्टरांचा, औषधांचा प्रश्न ग्रामसभेत सगळ्याजणी मिळून मांडा.