पडलेले फळ कोणी वेचायचे? तेलताडाच्या इतिहासातील न सुटलेला प्रश्न

तंजावर म्हटले की कावेरीकाठची भातखाचरे डोळ्यांपुढे येतात. त्याच परिसरात आज तेलताडाच्या, म्हणजे ऑइल पामच्या, बागाही आहेत. मूळ पश्चिम आफ्रिकेचे हे झाड. १८४८ मध्ये जावा बेटावरील बोगोरच्या उद्यानात त्याची चार रोपे लावली गेली आणि त्यांच्या वंशातून आग्नेय आशियातील लागवड विस्तारली. भारतात ते १८८६ मध्ये कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आले. पुढे १९४७ ते १९५९ या काळात पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने कालव्यांच्या काठी त्याची लागवड करून पाहिली.

या झाडाचा घड पिकला की त्यातील फळे सुटून आळ्यात पडू लागतात. घड तोडण्याची वेळ झाल्याची हीच खूण. तोडलेला घड खाली आदळला की आणखी फळे विखुरतात. ही सुटी फळे सर्वांत पिकलेली, म्हणून तेलाने समृद्ध. परंतु मार बसताच गरातील लायपेज हे विकर तेलाचे विघटन करू लागते, मुक्त मेदाम्ले वाढतात आणि तेलाची प्रत उतरते. म्हणून फळे लवकर वेचून, शक्यतो २४ तासांच्या आत, कारखान्यात वाफवावी लागतात. वाफेने विकर निष्प्रभ होते.

मलेशियात एके काळी परागीभवनही हातांनी करावे लागे. १९८१ मध्ये कॅमेरूनहून आणलेल्या एका सोंडकिड्याने ते कष्ट संपवले. १९८५ मध्ये तो भारतातही आला. वेचणीला मात्र असा वाली मिळाला नाही. मलेशियाच्या पाम तेल मंडळाने फळे हवेने ओढून घेणारी यंत्रे तयार केली, पण तेथे भौतिकशास्त्र आडवे येते. सुमारे १० ग्रॅम वजनाचे, अडीच सेंटिमीटर व्यासाचे फळ उचलण्यास हवेचा वेग सेकंदाला साधारण २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर, लागतो. वाळलेले पान त्याहून कितीतरी कमी वेगात उडते. परिणामी फळाबरोबर पाला आणि मातीही यंत्रात शिरते. ती वेगळी करण्यासाठी आणखी यंत्रणा, आणखी वजन आणि आणखी इंधन लागते.

मानवी डोळा आणि बोटे ही निवड क्षणात करतात, पण त्याची किंमत कंबर मोजते. इंडोनेशियातील मळ्यांत हे काम अनेकदा घड तोडणाऱ्याच्या घरातील स्त्रिया करतात आणि मजुरीच्या नोंदीत त्यांचे नाव नसते.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने ११,०४० कोटी रुपयांच्या खाद्यतेल–तेलताड अभियानास मंजुरी दिली. आपल्याकडील बागा बहुतांशी लहान शेतकऱ्यांच्या आहेत; विस्तीर्ण मळ्यांसाठी घडवलेले अवजड यंत्र त्यांना परवडणारे नाही. तेव्हा हलके, स्वस्त आणि फळ न ठेचणारे साधन बनवणे हे अभियांत्रिकीचे खरे आव्हान आहे. लागवडीचे हेक्टर मोजताना वाकलेल्या पाठींचाही हिशेब झाला पाहिजे.