देवनागरीत कॅपिटल नाही, मग सजवायचं काय?

वालचंदनगर म्हटलं की साखर कारखान्याची यंत्रं आठवतात. आज दुसऱ्याच यंत्राबद्दल बोलू : छापखाना. आणि त्यातही पानावरच्या पहिल्या अक्षराबद्दल.

जर्मनीत १४५५च्या सुमारास गुटेनबर्गने बायबल छापलं, तेव्हा प्रकरणाच्या सुरुवातीला चक्क कोरी जागा सोडली. तिथलं मोठं, नक्षीदार पहिलं अक्षर नंतर हाताने काढलं जायचं. का? कारण लोकांच्या मनात पुस्तक म्हणजे हस्तलिखित. छापील पानही तसंच दिसायला हवं होतं. पुढे १४५७ मध्ये माइन्झ शहरात फुस्ट आणि शोफर यांनी अशी लाल-निळी अक्षरं थेट छापूनच दाखवली.

आता आपल्याकडे या. देवनागरीत कॅपिटल अक्षर नाहीच! मग पोथी उघडल्यावर नजर कुठे थांबायची? ‘श्रीगणेशाय नमः’ वर. मजकूर काळ्या शाईत. पण सुरुवातीचे शब्द, अध्यायाचा शेवट, दंड हे बऱ्याचदा हिंगुळाच्या लाल रंगात. बाजूला समासाच्या रेघा. म्हणजे आपल्याकडे एकटं अक्षर नाही, अख्खी सुरुवातच सजायची.

आणि मग छपाई आली. भीती काय होती माहितीये? विटाळाची! शाईत चरबी असते म्हणून काही सनातनी मंडळी छापील कागदाला हात लावत नसत. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३च्या ‘मुंबईचे वर्णन’मध्ये अशा लोकांबद्दल लिहिलंय.

याच मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेस उभा केला आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापलं. शाईत चरबीऐवजी तूप वापरलं, असं सांगतात. शिळाछापाची युक्ती सोपी : दगडावर तेलकट शाईने अक्षरं उमटवायची, मग दगड ओला करायचा. छपाईची शाई फक्त तेलकट रेघांनाच चिकटते. त्यामुळे लेखनिकाचं वळण, वेलबुट्टी, चौकट, सगळं जसंच्या तसं कागदावर! शिशाच्या खिळ्यांना हे सहज जमणारं नव्हतं. शिळाछाप पोथ्या तर आडव्या, सुट्या पानांच्याच निघाल्या.

मुद्दा हा, की नवं यंत्र घरात येताना जुना चेहरा घेऊन आलं, म्हणून ते परकं वाटलं नाही. माइन्झमध्ये तेच, मुंबईतही तेच.

पुढच्या वेळी व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली की वरचं ‘॥ श्री ॥’ जरा निरखून बघा. पोथी गेली, दगड गेला, पण ती सजलेली सुरुवात अजून तिथेच आहे. भेटू पुढच्या भागात!