त्रिवेंद्रमची गोल इमारत आणि दादाचा प्रश्न

परवा भाचीचा फोन आला होता. म्हणाली, "आत्या, प्रवासातल्या खाण्यापिण्यावर तू एवढं लिहितेस, पण बाबा ती त्रिवेंद्रमच्या कॉफी हाउसची गोष्ट सांगायचे, ती काही अजून लिहिली नाहीस." खरंच नाही लिहिली. मिसळीवर लिहिलं, उडप्यांवर दोनदा लिहिलं, ही मात्र राहून गेली. गोष्ट नुसती खाण्याची नाही, म्हणूनही असेल. आज लिहून टाकते.

१९९८ ची दिवाळीची सुट्टी. आम्ही दोघं, दादा आणि वहिनी असे चौघं कन्याकुमारीला निघालो होतो. दादाची गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती आणि तो दादरला एका इमारतीत रात्रपाळीचा वॉचमन होता. आठ दिवस बदली माणूस देऊन तो कसाबसा आला. "समुद्र तर मुंबईतही आहे की," हे त्याचं तिकीट काढल्या दिवसापासून चाललं होतं.

दोन रात्री गाडीत काढून त्रिवेंद्रमला उतरलो तेव्हा बरोबरच्या दशम्या संपलेल्या होत्या आणि सगळ्यांची डोकी चढली होती. स्टेशनाबाहेर आलो. समोर तंपानूरचा बसस्टँड, आणि त्याच्या शेजारी विटांचा एक लाल बुरूज. भिंतीला जाळीसारखी भोकंच भोकं. मला आधी वाटलं पाण्याची टाकी असावी. यांनी पाटी वाचली : इंडियन कॉफी हाउस.

आत शिरलो तर मजले असे नाहीतच. एकच वाट गोल गोल वर चढत जाते. बाहेरच्या भिंतीला लागून सिमेंटची टेबलं आणि बाकं बांधलेली. आपण बसतो ते सपाटीवर, आणि शेजारून वाढपी उतारावरून ताटं घेऊन चालतोय. विटांच्या भोकांतून वारा येतो. वहिनी म्हणाली, "अगं, हे तर जिन्यातच हॉटेल काढलंय!" इमारत लॉरी बेकर यांची, हे मला नंतर कळलं. हे इंग्लंडातले वास्तुतज्ज्ञ, जन्म १९१७ चा. १९४५ मध्ये कुष्ठरोग्यांच्या कामासाठी भारतात आले आणि इथलेच झाले. जवळ मिळतील त्या विटा, कमीत कमी सिमेंट, कमी खर्च, हा त्यांचा हट्ट. २००७ मध्ये त्रिवेंद्रमलाच गेले.

मसाला डोसा मागवला. तो फोडला आणि वहिनी दचकली. आतली भाजी लालभडक! बटाट्यात चक्क बीट. केरळातल्या कॉफी हाउसांची ही खूणच आहे, कटलेटही तसंच लाल. पहिला घास सगळ्यांनी संशयाने घेतला, दुसऱ्या घासाला कोणी बोललं नाही. चव किंचित गोडसर, पण दोन दिवसांच्या उपासमारीनंतर मला ती अमृतासारखी लागली. खरं सांगायचं तर घरी करून पाहिली तेव्हा तितकीशी आवडली नाही.

वाढप्यांचा थाट बघण्यासारखा. पांढरा शुभ्र गणवेश, कमरेला रुंद पट्टा आणि डोक्यावर पंख्यासारखा तुरा काढलेली कडक खळीची पगडी. दादा बराच वेळ त्यांच्याकडे बघत होता. म्हणाला, "साहेब गेले पण बुटलर ठेवून गेले." मग आमच्या वाढप्याला त्याच्या मुंबईच्या हिंदीत विचारलं, "मालिक कौन है इधर का?" वाढपी पन्नाशीचा असेल. त्याने थोडं समजून घेतलं आणि म्हणाला, "मालिक नहीं. हम लोग. सोसायटी." दादाला वाटलं त्याला प्रश्न कळला नाही, म्हणून पुन्हा विचारलं. वाढप्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग गल्ल्यावरच्या माणसाकडे बोट केलं, मग स्वयंपाकघराकडे. "सब."

दादा नंतर काही बोलला नाही. कॉफी मात्र आणखी एक मागवली.

मी इतिहासाची शिक्षिका. परत आल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून सवडीने वाचत गेले. तेव्हा कळलं की ही गोष्ट आपल्या मुंबईतच सुरू होते. तिसाच्या दशकातल्या जागतिक मंदीत कॉफीचे भाव पडले, मळेवाले अडचणीत आले. देशातल्या लोकांना कॉफीची सवय लागावी म्हणून त्यासाठीच्या सरकारी समितीने १९३६ मध्ये चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस उघडलं. महायुद्धात परदेशी बाजार तुटले, १९४२ चा कॉफी कायदा आला आणि कॉफी बोर्डाकडे हा सगळा कारभार गेला. ठिकठिकाणी कॉफी हाउसं निघाली. कलकत्त्याच्या कॉलेज स्ट्रीटवर जुन्या अल्बर्ट हॉलमध्ये निघालं तेही १९४२ चंच. २००४ मध्ये मी तिथे जाऊन आले. उंच छत, कानठळ्या बसवणारा गलका, आणि काळ्या कॉफीला तिथे म्हणतात 'इन्फ्यूजन'. मन्ना डेंनी त्या अड्ड्यावर गायलेलं गाणं बंगाली माणसाला डोळ्यांत पाणी आणतं.

पन्नासच्या दशकाच्या मध्यात बोर्डाने ठरवलं की ही दुकानं आता बंद करायची. कामगारांना घरी बसवायचं. तेव्हा ए. के. गोपालन त्यांच्या मागे उभे राहिले. केरळचे कम्युनिस्ट खासदार. पण मला आवडलेली गोष्ट ही की राजकारणात येण्याआधी ते शाळामास्तर होते. दुकानं कामगारांनीच सहकारी सोसायट्या काढून चालवायची, असा मार्ग निघाला. ऑगस्ट १९५७ मध्ये बंगलोरची सोसायटी झाली, ऑक्टोबरात दिल्लीत या नव्या पद्धतीचं पहिलं कॉफी हाउस सुरू झालं, मार्च १९५८ मध्ये त्रिचूरला केरळातलं पहिलं. नावात फरक एका अक्षराचा : 'इंडिया'चं 'इंडियन' झालं. पगडी तीच राहिली. दादाला ती साहेबाची वाटली होती, आणि होतीही, पण १९५७ नंतर ती घालणारा माणूस मालक होता.

सगळीकडे आलबेल आहे असं नाही. कुठे कप टवके उडालेले, कुठे वाढपी अर्धा तास फिरकत नाही. बंगलोरच्या महात्मा गांधी रोडवरचं जुनं कॉफी हाउस २००९ मध्ये जागा सोडून चर्च स्ट्रीटला गेलं. पण केरळात आणि जबलपूरकडे या सोसायट्या चांगल्या रुजल्या.

आता दादाचं. त्या दिवशी संध्याकाळी लॉजच्या गच्चीवर तो एकदम बोलायला लागला. गिरणीत होता तेव्हा वहिनी आणि मुलं साताऱ्याकडे गावी. हा लालबागला एका खोलीत बारा-पंधरा जणांत, आणि जेवण खानावळीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. खानावळवाल्या मावशींनी तीन महिने उधारीवर जेवू घातलं. मग एक दिवस त्या म्हणाल्या, "बाबांनो, आता माझ्याच चुलीत काही नाही." दादा म्हणाला, "त्या दिवसापर्यंत मला वाटायचं संप आमचा आहे. तिचाही होता, हे कळलंच नव्हतं."

मी त्याला विचारलं, मुंबईत असं कामगारांनी चालवायला घ्यावं असं कोणाला सुचलं नाही का? म्हणाला, "सुचलं की. कुर्ल्याला कमानी ट्यूब्ज घेतली होती कामगारांनी. तीही बसली. तांब्याच्या नळ्या आणि डोसा यात फरक आहे, मास्तरीणबाई. डोशाला भांडवल किती लागतं?" आणि मग थोड्या वेळाने, "आमच्या गिरणीची तर जमीनच सोन्याची. ती कोण आमच्या हातात देतंय?"

वर्गात इतकी वर्षं मी गिरण्यांचा धडा शिकवत आले, पण हे उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं. खानावळवाल्या बायकांनी मात्र संपाच्या आधीच, १९७५ मध्ये, प्रेमा पुरव यांच्याबरोबर अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं आणि बँकेची कर्जं मिळवली होती. दादाच्या मावशी त्यात होत्या की नाही, हे त्याला विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी कन्याकुमारीची बस पकडायच्या आधी दादा एकटाच पुन्हा त्या बुरुजात जाऊन आला. बस सुटायला आली तरी पत्ता नाही, हे चिडले. धावत आला तो हातात कटलेटचं पुडकं. कालचाच वाढपी भेटला म्हणाला. "टीप ठेवली का?" वहिनीने विचारलं. दादा खिडकीजवळ बसला, पुडकं उघडलं. "मालकाला टीप कशी देणार?" म्हणाला, आणि पहिलं कटलेट तिच्या हातात दिलं.