माळावरचे परके जनावर

इंग्लंडच्या दक्षिणेस, लंडनला लागूनच, सरे नावाचा परगणा आहे. त्यातल्या फार्नहॅम गावाजवळ वेव्हर्ली ॲबी ह्या जुन्या ख्रिस्ती मठाचे पडके अवशेष आहेत. अठराव्या शतकात एक शेतकऱ्याचा मुलगा तिथे हिंडत होता. त्याला एक करड्या रंगाचे मांजर एल्मच्या झाडाच्या ढोलीत शिरताना दिसले. मांजर खरे, पण केवढे? चांगले मध्यम बांध्याच्या स्पॅनियल कुत्र्याएवढे! पोराने घरी येऊन सांगितले. घरच्यांनी आधी दरडावले. पोरगा हट्टाने तेच सांगत राहिला तेव्हा चोप दिला. तरी त्याने शब्द फिरवला नाही.

हा मुलगा म्हणजे पुढे नावाजलेला लेखक विल्यम कॉबेट. पुढे सैन्यात असताना त्याने कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक भागात लिंक्स नावाचे जनावर पाहिले. लिंक्स म्हणजे आखूड शेपटीचे, कानांच्या टोकांवर केसांचे झुबके असलेले, आपल्या रानमांजरापेक्षा थोराड असे जनावर. ते पाहताच त्याला वाटले, आपण लहानपणी पाहिले ते हेच. १८२५ साली, साठी उलटल्यावर, तो आपल्या मुलाला बरोबर घेऊन घोड्यावरून वेव्हर्लीला गेला, त्याला तो एल्म दाखवला, आणि 'रूरल राइड्स' ह्या आपल्या प्रवासग्रंथात सारी हकीकत नोंदवून ठेवली. शपथेवर सांगायचीही त्याची तयारी होती. मार खाल्लेला तो प्रसंग म्हातारपणापर्यंत त्याच्या मनातून गेला नव्हता!

ह्या हकिकतीत एक गोष्ट मात्र कुठेच येत नाही. झाडाखालच्या मातीत पाऊल उमटले आहे का, ढोलीच्या तोंडाशी केस अडकले आहेत का, हे पाहायला घरातले कुणी गेले असे कॉबेट सांगत नाही. पोरगा खोटे बोलतो, एवढ्यावर चौकशी संपली.

आता ह्या परक्या जनावरांची पार्श्वभूमी सांगतो. इंग्लंडात आज वाघ नाही, बिबट्या नाही. तिथला मूळचा लिंक्स मध्ययुगातच नाहीसा झाला, आणि रानमांजर उरले ते फक्त स्कॉटलंडच्या डोंगरांत. तेव्हा तिथल्या शेतात मोठे मांजर दिसलेच, तर ते कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेले किंवा सोडलेले असणार. आणि असे पिंजरे पुष्कळ होते बरे का! प्राणिसंग्रहालये होती, सर्कशी होत्या, आणि हौशी श्रीमंतांची घरेही होती. १९६९ साली लंडनच्या हॅरॉड्स ह्या बड्या दुकानात सिंहाचा छावा चक्क विकायला होता, आणि दोघा तरुणांनी तो विकत नेला. परवान्याची भानगडच नव्हती. १९७६ साली धोकादायक वन्यपशूंविषयीचा कायदा झाला, परवाना आणि भक्कम पिंजरा सक्तीचा झाला, तेव्हा काही मालकांनी आपली जनावरे गुपचूप रानात सोडली असे म्हणतात. असे सोडणे हा गुन्हा ठरायला १९८१ चा कायदा यावा लागला. म्हणजे शेतकऱ्यांच्या संशयाला आधार होता. ही गोष्ट शहरातले लोक थट्टेच्या भरात विसरतात.

ज्या सरे परगण्यात कॉबेटने मार खाल्ला, तिथेच १९६० नंतरच्या वर्षांत प्यूमाची हूल उठली. प्यूमा हे अमेरिकेतले जनावर. बिबट्याएवढे, पण अंगावर ठिपके नाहीत. गोडॅल्मिंगच्या पोलीस ठाण्यात ह्यासाठी एक स्वतंत्र वहीच घातली होती. सप्टेंबर १९६४ ते ऑगस्ट १९६६ ह्या दोन वर्षांत तिच्यात ३६२ नोंदी झाल्या. दिवसाआड एक धरा! मन्स्टेड येथे पावलांची लांब रांग सापडली, तिचा प्लास्टरमध्ये ठसा घेतला. तज्ज्ञांतच दुमत पडले. कुणी म्हणाले प्यूमा, तर मॉरिस बर्टन हे प्राणिशास्त्रज्ञ म्हणाले, हा ब्लडहाउंड जातीचा थोरला कुत्रा. बर्टन त्याच परगण्यात राहत. बातम्या तपासताना त्यांना कुठे कोल्हा आढळला, कुठे कुत्रा, कुठे साधे मांजर. लोक लबाड होते असे नव्हे. एकदा 'प्यूमा आला' हे कानावर पडले की तिन्हीसांजेला कुंपणापलीकडे हलणारे जे काही असेल, ते प्यूमाचेच रूप घेते. आपल्याकडे उसात बिबट्या शिरल्याची वार्ता पसरली की त्या आठवड्यात गावच्या कुत्र्यांचे काय होते, ते आपण जाणताच.

आता नुकसानीकडे वळू. नुसते दिसण्याने कुणाचे बिघडत नाही. मेंढी गेली की पोटाला चिमटा बसतो. १९८३ साली डेव्हन परगण्यातील एक्समूरच्या माळाजवळ एका शेतकऱ्याने सांगितले की तीन महिन्यांत आपली शंभरावर मेंढरे मेली, गळे फाडलेले. सरकारने रॉयल मरीन्सचे नेमबाज सैनिक आणून कुंपणाआड दबा धरून बसवले. एका वर्तमानपत्राने बक्षीस लावले. काही सैनिकांनीही काहीतरी पाहिल्याचे सांगितले. पण जनावर हाती आले नाही.

खरी रीतसर चौकशी झाली ती १९९५ साली, कॉर्नवॉलमधील बॉडमिनच्या माळावर. तिथेही तीच तक्रार होती: काळे मोठे मांजर दिसते आणि मेंढ्या मरतात. ब्रिटिश शेतीखात्याने दोन जाणकार माणसे सहा महिने ह्या कामावर नेमली. त्यांची रीत मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. शाळामास्तरांनी तर ती अवश्य ध्यानात ठेवावी.

जनावराची चित्रे होती. छायाचित्रे होती, चलच्चित्रेही होती. ह्या दोघांनी काय केले? चित्रातल्या जनावराचे वर्णन करत बसले नाहीत. ज्या कुंपणावर, ज्या भिंतीपाशी ते उभे दिसत होते ती जागाच शोधून काढली, आणि नेमक्या त्याच ठिकाणी मोजपट्टीची काठी उभी करून, कॅमेरा पूर्वीच्याच जागी नेऊन, पुन्हा चित्र घेतले. मग दोन्ही चित्रे शेजारी ठेवली. जे जनावर बिबट्याएवढे भासत होते ते खांद्याशी फुटभर उंच भरले. म्हणजे घरचे काळे मांजर!

ह्यात पाहणाऱ्याचा दोष नाही. मोकळ्या माळावर शेजारी झाड नाही, माणूस नाही, गुरे नाहीत. तिथे डोळ्याला माप कशाशी लावायचे? लांबचे मोठे जनावर आणि जवळचे लहान जनावर डोळ्याला सारखेच. मास्तरमंडळींनी एकदा हा प्रयोग करावा. पुठ्ठ्याचे काळे मांजर कापून ते मोकळ्या शेतात दोनशे पावलांवर उभे करावे, आणि मुलांना त्याची उंची लिहायला सांगावी. मग टेप घेऊन सगळ्यांनी मिळून तिथवर चालत जावे. गणिताचा तास वाया गेला असे कुणी म्हणणार नाही.

पावलांचे ठसे आले होते, तेही तपासले. मांजराचे आणि कुत्र्याचे निघाले. आपल्या धनगरांना हे शिकवायला नको. कुत्रा नखे आत ओढू शकत नाही, म्हणून त्याच्या पावलापुढे बहुधा नखांचे टोचे उमटतात. मांजर नखे म्यानात ठेवून चालते. पाऊस पडून गेल्यावर ठसा पसरतो आणि मांजराचा बिबट्या होतो, म्हणून पाऊल दिसताच त्यावर घमेले पालथे घालावे आणि मगच माणसे बोलवावीत. मेलेल्या मेंढ्यांचेही तसेच. मेंढी आजाराने मेली तरी रात्रीतून कोल्हा, कुत्री आणि सकाळी कावळे तिचे असे लचके तोडतात की दुपारी पाहणाऱ्याला वाटावे, वाघ येऊन गेला. कातडे सोलून, दात कुठे रुतले आणि आत रक्त साकळले आहे का हे पाहावे लागते. रक्त साकळले असेल तर चावा जिवंतपणीचा.

जुलै १९९५ मध्ये अहवाल आला. खात्रीलायक पुरावा नाही, असा निर्वाळा त्यात होता. पण पुढे त्यांनी असेही लिहिले की मोठे मांजर नाहीच, हेही आम्ही सिद्ध करू शकत नाही. मला हे वाक्य अहवालातले सर्वांत प्रामाणिक वाटते. वर्तमानपत्रांना ते रुचले नाही, आणि तिथल्या काही शेतकऱ्यांनाही नाही. त्यांच्या मेंढ्या तर मेल्याच होत्या.

आणि पाहा मौज! अहवालाला काही दिवस लोटतात न लोटतात तो एका शाळकरी मुलाला फावी नदीच्या काठी एक कवटी सापडली. भले मोठे सुळे, खालचा जबडा गायब. झाले! सरकार तोंडघशी पडले असे लोक म्हणू लागले. कवटी लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्यूझियममध्ये गेली. तिथल्या तज्ज्ञांनी सांगितले, हो, ही बिबट्याचीच आहे, तरण्या नराची. पण मग त्यांनी कवटी आतून पाहिली. आत उष्ण देशांतल्या झुरळाच्या अंड्यांचा कोश चिकटलेला होता. असले झुरळ कॉर्नवॉलच्या थंडीत जगत नाही. शिवाय कवटीची मागची बाजू कापलेली, आणि हाडावर सुरीचे ओरखडे. बिबट्या मेला होता तो उष्ण देशात. मुंडक्यासकट कातडे कमावून त्याची सतरंजी झाली होती, आणि कवटी तिच्यातून निघून नदीकाठी पडली होती. एका झुरळाने साक्ष दिली!

इतके ऐकून, सगळ्या बातम्या अशाच पोकळ असतात, असे कुणी ठरवील तर तो कॉबेटच्या घरच्यांच्याच पंगतीला बसेल. स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसकडच्या डोंगराळ भागात कॅनिख नावाचे खेडे आहे. तिथल्या एका शेतकऱ्याने पुष्कळ दिवस सांगितले की आपल्या रानात मोठे मांजर आहे. लोक हसले. १९८० च्या ऑक्टोबरात त्याने पिंजरा लावला, आत आमिष ठेवले, आणि एका सकाळी पिंजऱ्यात जिवंत प्यूमा मादी! तिला वन्यप्राणी उद्यानात नेले, फेलिसिटी असे नाव ठेवले. ती अंगाने भरलेली आणि माणसाळलेली होती. कुणीतरी पाळलेली, हे उघड दिसत होते. १९८५ साली ती मेली, आणि तिचा पेंढा भरलेला देह इन्व्हर्नेसच्या संग्रहालयात ठेवला.

उलट प्रकार जर्मनीत घडला. जुलै २०२३ मध्ये बर्लिनच्या दक्षिणेस क्लाइनमाखनोव येथे कुणीतरी रात्री मोबाइलवर अंधुक चित्र टिपले, आणि सिंहीण सुटल्याचा गवगवा झाला. पोलीस, शिकारी, जनावरांचे डॉक्टर, हेलिकॉप्टर, सगळे रानात. लोकांना घरातच राहायला सांगितले. दुसऱ्या दिवशी शोध थांबला; चित्रातले जनावर रानडुक्कर होते. पाठीची गोलाई आणि पायांची ठेवण जाणकारांनी नीट पाहिली, तेव्हा निकाल लागला.

मग खरे मोठे मांजर जिथे असते तिथे काय दिसते? त्यासाठी आपल्याच मुलखात या. अहमदनगर जिल्ह्यात (आता त्याचे नाव अहिल्यानगर) अकोले तालुका आहे. तिथल्या शेतीच्या पट्ट्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपोआप चित्र घेणारे कॅमेरे लावून बिबटे मोजले. १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे भरले, तेही रानात नव्हे, उसात आणि वस्तीच्या आसपास. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे बिबट्या विहिरीत पडतो, मोटारीखाली येतो, त्याची विष्ठा बांधावर सापडते, ऊसतोडीला बछडी सापडतात. जिवंत जनावर अशी खूण ठेवल्यावाचून राहत नाही. बॉडमिनच्या माळावर सहा महिने शोधून ह्यातले एकही हाती आले नव्हते. आपल्याकडे ह्या फरकाला पैशाचीही बाजू आहे: शेळी बिबट्याने मारली तर पंचनामा होऊन सरकारी भरपाई मिळते, गावच्या कुत्र्यांनी मारली तर नाही. म्हणून पंचनाम्याच्या वेळी जखम धुऊ नये, शेळी ओढून दुसरीकडे नेऊ नये, आणि वनरक्षकाला ठसा दाखवण्याआधी त्यावरून अर्धे गाव चालू नये.

एक नोंद राहिली. ब्रिस्टलच्या संग्रहालयात एक लिंक्स होता. १९०३ च्या सुमारास डेव्हनच्या रानात त्याने दोन कुत्रे मारले, म्हणून एका जमीनदाराने त्याला गोळी घातली आणि धूड संग्रहालयाला दिले. पुढे शंभरावर वर्षे कुणी त्याकडे ढुंकून पाहिले नाही. २०१३ साली संशोधकांनी त्याची हाडे आणि कातडे तपासले. तो कॅनडाचा लिंक्स निघाला. पुढचे दात पडलेले, उरलेल्यांवर किटणाचा जाड थर: रानातल्या जनावराचे दात असे होत नाहीत. तो बरीच वर्षे पिंजऱ्यात राहिला होता, आणि मग कधीतरी डेव्हनच्या शेतांत मोकळा झाला होता. १९७६ चा कायदा होण्याच्या सत्तरएक वर्षे आधी.